बाबांच्या हाताएवढा ट्राउट

मी मासे खात नाही. आमच्या डोंबिवलीच्या घरात मासा फक्त कॅलेंडरवर असायचा, तोही मीन राशीचा म्हणून. तरी गेली तीन वर्षं सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मी नेदरलँड्समधल्या एका थंडगार तळ्यात कमरेपर्यंत उभी राहते, तपकिरी ट्राउट नावाचा मासा पकडायचा प्रयत्न करते आणि सापडलाच तर त्याला परत पाण्यात सोडते. हे ऐकून सासूबाईंनी एकदाच विचारलं होतं, मग घरीच का नाही बसत.

यंदाच्या ट्रिपबद्दल इथल्या मंडळात बरंच उलटसुलट बोललं जातंय. मासा माझ्यामुळे गेला असं म्हणतात. ते खरं आहे. पण पुढचं कोणी सांगत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी कोण कोण होतं ते सांगते. चौदा वर्षांपूर्वी मी नवऱ्याच्या व्हिसावर रायस्वाइकला आले. पहिली तीन वर्षं खिडकीतून ट्राम बघण्यात गेली, मग शिवणाचं मशीन घेतलं आणि पुढच्या खोलीत कपडे दुरुस्तीचं काम सुरू केलं. खालच्या मजल्यावर मारियान राहते. वय एकाहत्तर, शाळेत भूगोल शिकवायची, आता निवृत्त. एके दिवशी ती बुटांसकट छातीपर्यंत येणारी एक रबरी विजार घेऊन आली आणि म्हणाली, शिवण उसवली आहे, पाणी आत येतं. मी ती शिवून, वर पट्टी चिकटवून दिली. दोन दिवसांनी परत आली, पाणी येत नाही म्हणाली, आणि माझा दोऱ्यांचा खण बघत उभी राहिली. तिथून हे सगळं सुरू झालं.

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला आमिष लावत नाहीत. बारीकशा गळावर दोरा, पिसं, लोकर गुंडाळून खोटा किडा बनवतात आणि मासा फसेल अशी आशा करतात. ज्या तळ्यावर आम्ही जातो तिथलं पाणी जरा खारट आहे, त्यामुळे तिथल्या माशांना किडा नाही, कोळंबी लागते. तेव्हा मी, जिने आयुष्यात कोळंबी चाखली नाही, ती वर्षभर फावल्या वेळात नखाएवढ्या खोट्या कोळंब्या बनवत असते. मारियानच्या मते त्या ठीक आहेत. मारियानला खोटं बोलता येत नाही. हा मोठा गुण आहे असं लोक म्हणतात. त्यांनी तिला एकदा नवा ड्रेस घालून दाखवावा.

तिसरी अश्विनी. माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण, माहेर वेंगुर्ला. तीही माझ्यासारखीच नवऱ्यामागोमाग आली, आता रॉटरडॅमच्या बंदरात कुठला कंटेनर कुठे ठेवायचा हे ठरवणाऱ्या ऑफिसात आहे. तिला मी सोबत घेतलं ते निव्वळ अनुभवासाठी. माशातलं तिला कळतं, मला काही कळत नाही, इतका साधा हिशेब होता.

आता घोटाळा. दोन वर्षांपूर्वी गणपतीत अश्विनीने तिच्या बाबांना व्हिडिओ कॉलवर आपली गळाची नवी काठी दाखवली. तिचे बाबा, म्हणजे आमचे काका, हा उभा जन्म खाडीवर गळ टाकून बसलेला माणूस. त्यांनी गळावरची माझी खोटी कोळंबी नीट पाहिली आणि म्हणाले, "पिसां दाखवन कोंबडो गावतलो, मासो खंयचो?" घरातले सगळे हसले. अश्विनीला हसलेलं चालत नाही. तिने तिथल्या तिथे जाहीर केलं की हातभर ट्राउट स्वतः पकडेपर्यंत ती मासा तोंडात घालणार नाही. काकांनी विचारलं, हातभर म्हणजे कोणाच्या हाताने? ती म्हणाली, तुमच्या. त्यावर काका म्हणाले, ठीक आहे, मग तू खाशील त्या दिवशीच मी खाईन.

लोकांना वाटलं, आठवडाभर चालेल. दोन वर्षं झाली. वेंगुर्ल्यात, समुद्रापासून दहा मिनिटांवर राहणारा ब्याऐंशी वर्षांचा माणूस दोन वर्षं पेज, पापड आणि अंड्यावर जगतोय. सुकट चालेल का यावर मध्ये वाटाघाटी झाल्या. चालणार नाही असं दोघांनी मिळून ठरवलं. तेवढं एकमत झालं. बाकी ती पकडेपर्यंत खाणार नाही आणि काका ती खाईपर्यंत खाणार नाहीत. बाप तशी लेक, एका माळेचे मणी.

शुक्रवार

इथे कुठलीही गोष्ट डायरीत लिहिल्याशिवाय होत नाही. ही ट्रिप मारियानने जानेवारीतच ठरवली होती. आपल्याकडे माणसं लग्नाला सुद्धा ऐनवेळी येतात. इथे मासा पकडायचा तर नऊ महिने आधी सांगावं लागतं. शेवटचाच शनिवार-रविवार का, तर ऑक्टोबर लागला की थेट एप्रिलपर्यंत या माशाला हात लावायचा नाही असा कायदा आहे. म्हणजे यंदाची अश्विनीची ही शेवटची संधी होती. शिवाय हिवाळ्यात मारियानच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, पुढच्या वर्षी ती पाण्यात उतरेल की नाही, नक्की नाही.

तळ्याचं नाव सांगत नाही, मारियानला वचन दिलंय. एवढंच सांगते की रॉटरडॅमचं बंदर मागे टाकलं की समुद्राच्या अलीकडे आहे. रायस्वाइकहून गाडीने तासाच्या आत. तिथे आम्ही दोन रात्रींसाठी लाकडी बंगला घेतो. तासाभराच्या अंतरावर मुक्कामाला जायचं हे सुरुवातीला मला पटायचं नाही. आमच्याकडे दहा तास प्रवास करून अंग मोडल्याशिवाय सुट्टी लागू होत नाही. पण मारियान म्हणते, घराबाहेर झोपलं की झाली सुट्टी.

सामानाचं सांगायचं तर मारियानची एक पिशवी होती. आमचे सात डाग. त्यात थालीपिठाची भाजणी, दोन प्रकारची लोणची, कुकर, आणि मी ठेवू नको म्हटलेला पोळपाट. अश्विनीकडे एक सुतळीही होती. गेल्या वर्षी काकांनी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपला हात मोजून, सुतळी बरोबर तेवढी कापून, कोकमांच्या पाकिटात घालून पाठवली होती. मारियानने ती टेपवर धरली. सत्तेचाळीस सेंटिमीटर. काका मूर्ती लहान, पण हात लांब.

संध्याकाळी सहाला मारियानने जेवायला वाढलं. वाटाण्याचं सूप, त्यात चमचा उभा राहतो इतकं दाट. माझ्यासाठी सॉसेज न घातलेलं वेगळं पातेलं होतं. दर वर्षी आठवणीने वेगळं पातेलं करते आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. मी थालीपीठ लावलं. तिने दोन खाल्ली आणि म्हणाली, गेल्या वर्षीची जास्त चांगली होती.

शनिवार

सकाळी तळ्यावर धुकं होतं. पलीकडच्या काठावर बंदराच्या क्रेन अर्ध्याच दिसत होत्या, आणि काठाच्या झुडपांवर नारिंगी फळांचे घोस लागले होते. पाण्यात उतरलं की पहिली पाच मिनिटं रबरातूनही थंडी पोटऱ्या धरते. मग सवय होते. मला ती वेळ आवडते, मासा मिळो न मिळो. कोणी फोन करत नाही, कोणी ब्लाउज घेऊन येत नाही. बहुतेक हेच सासूबाईंना सांगायला हवं होतं.

दोर फेकण्याचं तंत्र असं आहे की जोर लावायचा नाही. दोर मागे पूर्ण सरळ होऊ द्यायचा, क्षणभर थांबायचं, मग पुढे. अश्विनीला थांबणं जमत नाही. दहा वाजेपर्यंत तिने एकदा माझी टोपी पकडली, एकदा मागचं झुडूप आणि एकदा स्वतःचीच पाठ. मारियान दर वेळी शांतपणे गळ सोडवायची आणि तेच सांगायची, थांब. अश्विनी म्हणाली, दोन वर्षं थांबलेच आहे.

अकराच्या सुमाराला मला मासा लागला. मला लागतो. दर वर्षी लागतो. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ते हेच. एकोणचाळीस सेंटिमीटर. सोनेरी पोट, अंगावर काळे नि तांबडे ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. इतकं निगुतीचं काम मी पैठणीच्या पदरातही क्वचित पाहिलंय. मारियानने जाळी पाण्यातच धरून मोजला, वहीत लिहिला आणि सोडला. अश्विनी म्हणाली, छान होता. आवाज तसा नव्हता.

दुपारी परवाने तपासणारे गृहस्थ सायकलवरून आले. तिघींचे परवाने पाहून झाल्यावर त्यांना अश्विनीच्या गळ्यात अडकवलेली सुतळी दिसली. हे काय, म्हणाले. तिने डचमध्ये सगळं सांगितलं. वडील, हात, प्रतिज्ञा, पेज. तिचं डच कंटेनरपुरतं चांगलं आहे, पेजेला तिने पातळ भात म्हटलं. ते गृहस्थ हसले नाहीत. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, सुतळी ओली झाली की आखडते, मोजताना कोरडी असू द्या. मग शुभेच्छा देऊन गेले. अश्विनी बराच वेळ सुतळीकडे आणि पाण्याकडे आळीपाळीने बघत होती. मारियान म्हणाली, टेप माझ्याकडे आहे.

चार वाजता आम्ही बंगल्यावर परतलो आणि अश्विनीने घरी फोन लावला. तिकडे जेवणाची वेळ. काका ताटावर बसले होते, पेज, लोणचं, उकडलेलं अंडं. मी त्यांना वर्षभराने बघत होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती आणि मनगटावरचं घड्याळ पार कोपराकडे सरकलं होतं. गावलो काय, एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर मान डोलावून अंड्याला मीठ लावू लागले.

मग काकूंनी फोन स्वयंपाकघरात नेला. डॉक्टर ओरडतात, म्हणाल्या. गणपतीपासून अर्धी पेज सुद्धा संपत नाही. अंडं पुढ्यात येतं, अर्धं परत जातं. दोन वर्षांत घरात मासा शिजला नाही म्हणून मांजर सुद्धा शेजारी राहायला गेलं. हे सगळं त्या न रडता, भाजीचा भाव सांगावा तशा सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, "दोघांतल्या एकान कोणीतरी हरा गो."

फोन ठेवल्यावर मी अश्विनीला म्हटलं, अगं, खाऊन टाक. कुणाला कळतंय? ती म्हणाली, मी खाल्लं तर बाबा म्हणतील, बघ, पिसं दाखवून मासा मिळत नाही. मी म्हटलं, म्हणू देत. ती म्हणाली, तुला नाही कळायचं. खरंच कळत नव्हतं. मला तिचा रागही आला होता. म्हातारा माणूस वाळत चाललाय आणि ही आपली काठीला मेण लावत बसली आहे.

मारियानला मराठीतलं काही समजलं नव्हतं, पण फोनमधला माणूस तिने पाहिला होता. तिने विचारलं, तुझे वडील आजारी आहेत का? अश्विनी म्हणाली, नाही, हट्टी आहेत. मारियान म्हणाली, ते मी विचारलं नाही.

रविवार

वारा पडला होता. मारियान म्हणाली, आजचा दिवस बरा आहे. तिच्या तोंडून हे म्हणजे बँड लावल्यासारखंच.

मी अश्विनीला नवी कोळंबी दिली. जरा मोठी, गडद तपकिरी, पोटाशी जुन्या ब्लाउजच्या काठातली जर. तिने ती बांधली आणि झुडपांच्या सावलीतल्या खोल पाण्याकडे फेकली. त्या दिवशी ती थांबत होती. दोर मागे सरळ व्हायचा, ती श्वास घ्यायची, मग पुढे. मी माझा दोर गुंडाळून नुसती बघत उभी राहिले.

साडेनऊच्या सुमाराला दोर एकदम ताठ झाला. अश्विनी ओरडली नाही. तिने फक्त "विद्या" म्हटलं, तेही हळू. मासा आधी खोल गेला आणि तिथेच बसला, मग पलीकडच्या क्रेनच्या दिशेने सुटला. काठीवरची दोराची चक्री करकरत राहिली. मारियान तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि दोन-दोन शब्द सांगत होती, सोड, आता घे, काठी वर. एकदा तो पाण्याबाहेर आला. मी पाहिला. माझ्या एकोणचाळीसचा तो आजोबा होता. मला माशातलं कळत नसलं तरी कापडातलं कळतं, आणि लांबीचा माझा अंदाज चुकत नाही. पन्नासच्या वर होता.

वीस मिनिटं गेली. मारियानला गुडघ्यामुळे वाकता येईना, म्हणून तिने जाळी माझ्या हातात दिली. म्हणाली, दोन्ही हातांनी धर, दांडा आणि कड, जाळी पाण्यात खाली आणि मासा वरून येऊ दे. मी तसंच केलं. मासा दमून आडवा झाला होता, अश्विनीने त्याला ओढत आणलं आणि तो जाळीत आला. आला म्हणजे खरोखर आला. जाळीचं वजन मला खांद्यात कळलं. अश्विनीने पुढे होऊन त्याच्या ओठातला गळ सोडवला, तो सहज निघाला. मारियान टेप काढत होती. अश्विनी गळ्यातली सुतळी ओढत होती, ती रबरी विजारीच्या पट्ट्यात अडकली होती.

आता माझं. त्या क्षणी मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. मला वाटलं, काकांनी हे बघायला पाहिजे. आपल्याकडे बारसं असो, नवीन फ्रीज असो, दहावीचा निकाल असो, पहिला हात फोनकडे जातो आणि गावाकडच्या माणसाला दाखवल्याशिवाय गोष्ट घडली असं वाटतच नाही. फोन माझ्या छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत होता. मी एक हात सोडला आणि काकांना व्हिडिओ कॉल लावला.

त्यांनी लगेच उचलला. बहुधा हातातच घेऊन बसले होते. मी म्हटलं, काका, हे बघा, आणि फोन वळवला. फोन वळवताना जाळीची कड झुकली. फार नाही, चार बोटं असेल. मासा उडी मारून वगैरे गेला नाही. आला होता तसाच, आपल्या वाटेने, कडेवरून निघून गेला. शेपटी तेवढी एकदा दिसली.

फोनमधून आवाज आला, मासो खंय?

अश्विनीने माझ्या हातातून फोन घेतला. तिच्या एका हातात सुतळी होती, आत्ताच सुटलेली. तिने बाबांना सांगितलं की मिळाला होता, जाळीत होता, तुमच्या हातापेक्षा मोठा होता. काका म्हणाले, "माका मासो दिसूक नाय. आभाळ दिसला, आणि विद्याची हनुवटी." मग त्यांनी साक्षीदार मागितला. माझी साक्ष त्यांनी आधीच बाद केली, मैत्रीण म्हणून. फोन मारियानसमोर धरला गेला. अश्विनीने डचमध्ये विचारलं, बाबा विचारतायत, केवढा होता? मी मारियानकडे बघून डोळे मोठे केले. जगातल्या कुठल्याही बाईला ते समजलं असतं.

मारियान म्हणाली, मोठा होता. मी मोजला नाही, त्यामुळे किती ते सांगू शकत नाही.

अश्विनीने त्याचं मराठी केलं. शब्दाला शब्द केलं, ही तिची कमाल. तिथे खुशाल बावन्न म्हणता आलं असतं, काकांना काय कळणार होतं डचमधलं? काका म्हणाले, "मगे झाला नाय." आणि फोन बंद झाला.

त्यानंतर दोन तास अश्विनी दोर फेकत राहिली. मी काठावर बसले होते. मी तिला सॉरी म्हटलं, दोनदा. तिने ऐकलं, पण वळून पाहिलं नाही. मला रडू येत होतं आणि रबरी विजारीत रुमाल कुठे ठेवलाय ते सापडत नव्हतं. मारियान माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, मी तुला दोन्ही हात म्हटलं होतं. मी म्हटलं, हो. मग तिने चीजचं सँडविच माझ्यापुढे धरलं. मी ते खाल्लं.

बाराच्या सुमाराला अश्विनी पाण्याबाहेर आली. दोर गुंडाळला, कोळंबी कापून माझ्या डबीत परत ठेवली आणि म्हणाली, चला. यंदाचं संपलं. मला वाटलं आता गाडीत रायस्वाइकपर्यंत असंच बसायचं.

पण गावातून जाताना तिने गाडी थांबवायला सांगितली. चर्चसमोरच्या चौकात मासे तळून देणारी गाडी उभी असते, निळ्या छताची. गेली दोन वर्षं आम्ही तिथून काचा वर करून जात होतो. अश्विनी उतरली आणि रांगेत उभी राहिली. तिच्यापुढे सायकलवाले आजी-आजोबा होते, ते सॉस कुठला घ्यायचा यावर चर्चा करत होते. ती थांबली. तिची पाळी आल्यावर तिने किबलिंग घेतलं, म्हणजे पांढऱ्या माशाचे पिठात तळलेले तुकडे, कागदी द्रोणात. बाकावर येऊन बसली आणि मला म्हणाली, फोन लाव. आणि या वेळी दोन्ही हातांनी धर.

मी दोन्ही हातांनी धरला.

काका अंगणात खुर्चीवर होते. तिकडे दुपार कलली होती. त्यांनी आधी मला पाहिलं आणि मग मी फोन वळवल्यावर तिला. अश्विनीने द्रोण त्यांना दाखवला. म्हणाली, मासा आहे. विकतचा आहे. मी पकडलेला नाही. मग त्यांच्या देखत एक तुकडा उचलून तोंडात घातला, चावला, गिळला.

"मी हरलंय, बाबा," ती म्हणाली. "आता तुमी जेवा."

दोन वर्षं जिंकण्याची वाट बघणारा माणूस जिंकल्यावर कसा दिसतो ते मी नीट बघितलं. तसं काही दिसलं नाही. काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत लावला. मागून काकूंचा आवाज आला, काय झालं म्हणून, आणि कोणी काही सांगायच्या आतच बहुतेक त्यांना समजलं. त्या पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडताना दिसल्या, पायात चप्पल नव्हती. बाजार अजून उठला नसेल या हिशेबाने निघाल्या असाव्यात.

काका फोनच्या इतके जवळ आले की त्यांचं नुसतं नाक आणि चष्मा दिसू लागला. विचारलं, "कसो लागता गो?"

अश्विनीचे डोळे भरून आले होते. तिने दुसरा तुकडा चावला. "अळणी," म्हणाली. "तिखट नाय, आंबट नाय, काय नाय."

"सगळो खा," काका म्हणाले. "टाकू नको."

ती खाऊ लागली. काका बघत राहिले. माझे हात दुखायला लागले तरी मी फोन हलवला नाही. मारियान अश्विनीच्या पलीकडे सरकून वारा अडवून बसली. द्रोण अर्धा झाल्यावर काकांनी परत तोंड उघडलं, आणि मला वाटलं, आता पिसांचं काहीतरी म्हणतील.

"काटे बघान खा गो," ते म्हणाले.

किबलिंगमध्ये काटा नसतो. अश्विनीने उरलेला प्रत्येक तुकडा बोटांनी उकलून, नीट चाचपून, मगच तोंडात घातला.